दया, न्याय आणि औरंगजेबाचा अंतकाळ

कोथरूडच्या टेकडीवर पावसाळा ओसरल्यानंतरच्या एखाद्या स्वच्छ सकाळी उभे राहिले, म्हणजे नैऋत्येच्या अंगास सिंहगडाचा माथा दिसतो. घरांच्या गर्दीने आता कोथरूडचे गावपण नाहीसे झाले असले, तरी हा देखावा अद्यापि शाबूत आहे. या गडाची कोंढाणा आणि सिंहगड ही दोन नावे प्रत्येक मराठी मुलास पाठ असतात. तिसरे नाव मात्र फारसे कोणाच्या कानावर गेलेले नसते. १७०२ च्या डिसेंबरात औरंगजेबाच्या फौजेने गडास वेढा घातला. तीन महिने उलटून गेले तरी गड हाती येईना, तेव्हा १७०३ च्या एप्रिलात किल्लेदारास द्रव्य देऊन तो ताब्यात घेण्यात आला, आणि बादशहाने त्याचे नाव बक्षिंदाबक्ष असे ठेवले.

बक्षिंदा म्हणजे देणारा. परंतु ज्या फारसी धातूपासून हा शब्द झाला, त्याचे देणे आणि क्षमा करणे असे दोन्ही अर्थ होतात. तेव्हा बक्षिंदा म्हणजे दाताही आणि अपराध पोटात घालणाराही, अर्थात परमेश्वर. आपल्या भाषेत त्याच धातूचे बक्षीस व बक्षीसपत्र हे शब्द राहिले. त्यातला देण्याचा अर्थ आपण घेतला आणि क्षमेचा सोडून दिला. ज्या गडाचा दरवाजा पैशाने उघडला, त्यास ईश्वराच्या औदार्याचे नाव मिळावे यात वाचकांस विनोद वाटेल. आम्हांस मात्र त्या नावात पंच्याऐंशीच्या घरात पोहोचलेल्या एका माणसाच्या मनातली गोष्ट ऐकू येते. त्याच वर्षीचा पावसाळा औरंगजेबाने पुण्यास काढला. कामबक्षाचा मुलगा, त्याचा नातू मुही-उल-मिल्लत, येथेच वारला. त्याच्या नावावरून पुण्यास मुहियाबाद म्हणावे असे ठरले. नाव टिकले नाही. गडाचेही टिकले नाही, कारण मराठ्यांनी तो लवकरच परत घेतला. पण ईश्वराजवळ दया मागावी की त्याच्या न्यायास भ्यावे, हा जो प्रश्न त्या गडाच्या नावात अर्धवट उच्चारला गेला, तो पुढे चार वर्षांनी अहमदनगरास औरंगजेबाच्या मृत्युशय्येपाशी पुरता उच्चारला गेला. त्याविषयीच आज आम्हांस लिहावयाचे आहे.

आपल्याकडील सामान्य समजूत अशी, की इस्लामचा ईश्वर म्हणजे केवळ दंड करणारा कठोर धनी. कुराण नुसते उघडून पाहिले तरी ही समजूत डळमळू लागते. त्याचे अध्याय ११४. त्यांपैकी ११३ अध्यायांच्या आरंभी ईश्वराची रहमान आणि रहीम ही दोन नावे येतात. दोन्ही दयावाचक, दोन्ही एकाच अरबी धातूची. आणि त्याच धातूपासून मातेच्या गर्भाशयाचा वाचक शब्दही झालेला आहे. उरलेल्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ती नाहीत, पण त्या अध्यायाचे नाव तौबा, म्हणजे आपली तोबा, पश्चात्ताप. उलटपक्षी न्याय, ज्यास अरबीत अद्ल म्हणतात, तोही ईश्वराच्या परंपरागत नव्याण्णव नावांत मोजला जातो. आपला अद्दल हा शब्द त्याच अद्लाचा वंशज होय. मूळ शब्दातला न्याय आपण गाळला आणि शिक्षा तेवढी ठेवून घेतली. शब्द उसने घेताना माणसे किती निवडकपणा करतात!

परंतु एकच ईश्वर पूर्ण दयाळू आणि पूर्ण न्यायी कसा, हा पेच मुसलमान पंडितांस पहिल्याच शतकात पडला. घोर पाप करणारा मुसलमान धर्मातच राहतो की धर्मबाह्य होतो, येथून वादास तोंड फुटले. खारिजी पंथाचे लोक म्हणत, तो धर्मबाह्यच. ज्यांस मुर्जी म्हणत ते सांगू लागले, की हा निवाडा माणसाने करूच नये, तो ईश्वरावर सोडावा. आठव्या शतकात बसऱ्यास मुतझिली नावाचा बुद्धिवादी संप्रदाय उदयास आला. हे लोक स्वतःस एकत्वाचे व न्यायाचे लोक म्हणवीत. ईश्वरास अन्याय करताच येत नाही, सज्जनास फळ व दुर्जनास दंड देणे त्यास प्राप्तच आहे, असा त्यांचा सिद्धांत. याच संप्रदायात वाढलेला अल्‌-अशअरी पुढे त्यातून बाहेर पडला. त्याविषयी एक आख्यायिका सांगतात. त्याने आपला गुरू जुब्बाई यास विचारले: तीन भाऊ होते, एक पुण्यवान होऊन मेला, दुसरा पापी होऊन मेला आणि तिसरा बालपणीच गेला. त्यांची गती काय? गुरू म्हणाला, पहिला स्वर्गास, दुसरा नरकास, तिसरा ना सुखात ना दुःखात. शिष्य म्हणाला, ते बालक जर म्हणेल, देवा, मला जगू दिले असतेस तर मीही पुण्य केले असते? गुरू म्हणाला, ईश्वर सांगेल, तू पापी होशील हे मला ठाऊक होते, तुझ्या हितासाठीच तुला आधी उचलले. तेव्हा शिष्याने विचारले, मग नरकातून तो दुसरा भाऊ ओरडेल, की देवा, हे तुला माझ्याविषयीही ठाऊक होते, मग मला का नाही रे बालपणीच उचललेस? गुरू निरुत्तर झाला.

कथा खरी असो वा रचलेली असो, तिच्यात वादाचे मर्म आहे. मनुष्याच्या तराजूने ईश्वराचा न्याय तोलू गेले की तराजूच मोडतो. अशअरीने ईश्वराच्या इच्छेस सर्वोपरी मानले: तो दंड करील तर तो न्याय, क्षमा करील तर ती कृपा, आणि दोहोंपैकी कशाचीही सक्ती त्याजवर नाही. हिंदुस्थानातील बहुसंख्य मुसलमान, आणि औरंगजेबही, ज्या हनफी मार्गाचे, त्यातही पाप्यास धर्मबाह्य न ठरविता त्याचा निवाडा ईश्वराकडे सोपविण्याचीच रीत पडली. अकराव्या-बाराव्या शतकातील गझालीने तर आपल्या मोठ्या ग्रंथात भय आणि आशा यांस एक स्वतंत्र प्रकरणच दिले. सूफी लोक या दोहोंस पक्ष्याच्या दोन पंखांची उपमा देतात. आयुष्यभर भयाचा पंख बळकट असावा, मरतेवेळी आशेचा, असा त्यांचा उपदेश. कारण मरणाऱ्याने ईश्वराविषयी चांगलीच कल्पना मनात धरून जावे, अशी पैगंबरांची शिकवण परंपरेने आलेली आहे.

येथवर पाहिले तर दयेचे पारडे जड दिसते, आणि एखाद्यास वाटेल, की तोबा केली म्हणजे सर्व खाते कोरे. तसे नाही. इस्लामी धर्मशास्त्राने पापांचे दोन वर्ग केले आहेत. नमाज चुकली, रोजा मोडला, तर तो ईश्वराच्या हक्काचा भंग. तो ईश्वराने हवा तर सोडून द्यावा. परंतु कोणाचे द्रव्य बळकाविले, कोणाची अब्रू घेतली, कोणाचे रक्त सांडले, तर तो माणसांच्या हक्काचा भंग. तेथे ज्याचा अपराध केला त्याने क्षमा केल्यावाचून किंवा त्याची भरपाई झाल्यावाचून सुटका नाही. ईश्वराची दया अमर्याद असली, तरी दुसऱ्याच्या मालकीची क्षमा तो परस्पर वाटून टाकीत नाही. हक्क हा शब्द आपण कचेरीत आणि शेताच्या बांधावर रोज वापरतो. त्याचे हे पारलौकिक वजन आपल्या ध्यानात येत नाही. मुफलिस या शब्दाचेही तसेच. पैगंबरांनी एकदा अनुयायांस विचारले, की मुफलिस कोण? ज्याच्यापाशी पैसा नाही तो, असे उत्तर आले. त्यावर त्यांनी सांगितलेला अर्थ असा, की जो कयामतीच्या दिवशी नमाज, रोजे, दानधर्म यांची रास घेऊन येतो, पण ज्याने कोणास शिवी दिली, कोणास मारले, कोणाचे रक्त सांडले, त्याचे पुण्य त्या सर्वांस वाटून दिले जाते; ते संपले की त्यांची पापे याच्या माथी येतात; तो खरा मुफलिस. दुसऱ्या एका वचनात तर शिंगे नसलेल्या मेंढीस शिंगाळीकडून भरपाई मिळेल असे म्हटले आहे. इतका बारीक हिशेब!

हा नियम हाती घेतला म्हणजे औरंगजेबाच्या चरित्राकडे निराळ्या दृष्टीने पाहता येते. त्याची स्तुती करणारे त्यास जिंदा पीर म्हणत आणि निंदा करणारे राक्षस म्हणतात. आम्हांस या दोन्ही शब्दांचा काही उपयोग होत नाही. तो ज्या कायद्यास मानीत होता, त्याच कायद्याने त्यास तोलावे, हे आमच्या मते अधिक न्याय्य. आणि हा कायदा त्यास नुसता ऐकून ठाऊक होता असे नाही. बऱ्हाणपूरच्या शेख निजामाच्या देखरेखीखाली पंडितांची मंडळी बसवून, आठएक वर्षे खपून, हनफी निर्णयांचा जो प्रचंड संग्रह त्याने करविला, तो फतावा-इ-आलमगिरी या नावाने अद्यापि पंडितांच्या हाती आहे.

आता त्याच्या भावाचे प्रकरण पाहा. मुरादबक्षाने गुजरातेत असताना अली नकी नावाच्या आपल्या दिवाणास ठार केले होते. पुढे मुराद औरंगजेबाच्या कैदेत पडला. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायाने खुनाच्या बाबतीत मृताच्या वारसास बदला घेण्याचा हक्क दिला आहे. त्याचबरोबर वारसाने क्षमा करून रक्ताचे मोल घ्यावे अशी मोकळीकही दिली आहे, आणि ही मोकळीक ईश्वराची दया होय असे तेथेच म्हटले आहे. म्हणजे न्याय आणि दया ही दोन्ही वारसाच्या हाती ठेविली. औरंगजेबाने अली नकीच्या मुलांस फिर्यादीस उभे करण्याची खटपट केली. थोरला कबूल होईना, धाकटा झाला. काजीपुढे खटला चालला, शिक्षा ठरली, आणि १६६१ च्या डिसेंबरात ग्वाल्हेरच्या किल्ल्यात मुरादचा वध झाला. ज्या थोरल्या मुलाने बदला मागण्याचे नाकारले, त्यास बादशहाने बक्षीस दिले म्हणतात. कायद्याची पायरीन् पायरी पाळली गेली, आणि कायद्याचा आत्मा मात्र त्या पायऱ्यांवरून कोठे घसरला हे कोणास कळले नाही. बदला न मागणे हेच श्रेष्ठ, हे त्यास पक्के ठाऊक होते. त्या बक्षिसाचा दुसरा अर्थ आम्हांस लागत नाही.

दुसरी गोष्ट बापाची. शहाजहान आठ वर्षे आग्ऱ्याच्या किल्ल्यात कैदेत होता. या अवधीत औरंगजेब त्याच्या भेटीस एकदाही गेला नाही. १६६६ मध्ये म्हातारा मरणाच्या दारी असता, जहानआरा हिने पुनःपुन्हा विनवून, अनेकदा नकार घेऊन, अखेर औरंगजेबास क्षमा केल्याच्या कागदावर त्याची सही मिळविली, असे इतिहासकार लिहितात. ती क्षमा कोणाकरिता? मेलेल्या बापास ऐहिक काही द्यावयाचे उरले नव्हते. तो कागद पलीकडच्या दरबारात दाखवावयाचा होता. जहानआरा आयुष्यभर बापाच्या बाजूची. तरी भावाच्या खात्यातील ही एक रक्कम तिने फेडून घेतली. मोगलांच्या घराण्यात इतकी शहाणी दुसरी व्यक्ती आम्हांस क्वचितच दिसते.

परंतु आपल्या मुलुखात जे घडले, त्याचा कागद कोण आणणार? १६८९ च्या मार्चात भीमेच्या काठी संभाजी महाराजांचा हालहाल करून वध झाला. त्यास दरबारी उलेमांच्या निवाड्याचा आधार घेण्यात आला होता. शास्त्रार्थ करणारा येथे म्हणेल, की युद्धात धरलेल्या शत्रूस वारसाच्या बदल्याचा कायदा लागत नाही. कदाचित नसेल लागत. पण ज्या हालांनी तो वध झाला, ते कोणत्या कायद्यात बसतात, हे तरी त्याने सांगावे. आणि रणांगणाबाहेरच्या रयतेचे काय? औरंगजेबाच्या दक्षिणच्या स्वाऱ्यांत दरसाल लाखभर माणसे आणि सुमारे तीन लाख जनावरे नाहीशी होत, असा अंदाज मनुची या इटालियन प्रवाशाने दिला आहे. आकडा फुगविलेला असेल. त्यातून निम्मा वजा घातला तरी, शिंगे नसलेल्या मेंढीचाही हिशेब होणार असे मानणाऱ्या मनुष्याने या बैलांचा, उंटांचा, आणि ज्यांच्या उभ्या पिकातून ते गेले त्या कुणब्यांचा विचार केला नसेल, हे संभवत नाही.

त्याने तो केला होता, असे त्याच्या नावावर असलेली अखेरची पत्रे पाहता वाटते. १७०६ च्या आरंभी तो अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, परतला. तेथून आझम व कामबक्ष या मुलांस लिहिलेल्या या पत्रांचा भाव असा: आपण एकटे आलो, एकटे चाललो, आयुष्य वाया गेले, रयतेचे पालन आपल्या हातून झाले नाही, पापांचे ओझे तेवढे बरोबर नेत आहोत, ईश्वराच्या कृपेचा भरवसा आहे, परंतु आपल्या कर्मांकडे पाहिले की भीती मन सोडीत नाही. आपल्यामागे मुसलमानांची कत्तल होऊन तिचा दोष आपल्या माथी न यावा, अशीही चिंता त्यात आहे. ही चिंता खोटी ठरली नाही. त्याच्या मृत्यूनंतर चार महिन्यांच्या आतच जाजऊच्या लढाईत आझम मारला गेला, आणि १७०९ मध्ये कामबक्ष. गझालीच्या पक्ष्याची आठवण ठेवून ही पत्रे वाचावीत. ज्या वेळी आशेचा पंख उचलावयाचा, त्या वेळी या माणसाचा भयाचाच पंख फडफडत राहिला आहे.

त्याचा म्हणून जो बारा कलमी वसियतनामा सांगतात, तो याहून विलक्षण. टोप्या शिवून मिळविलेले चार रुपये दोन आणे कफनास खर्चावे. कुराणाच्या नकला करून मिळविलेले तीनशेपाच रुपये फकिरांस वाटावे, त्यांतून कफन घेऊ नये. प्रेत उघड्या मस्तकाने पुरावे. कारण उघड्या डोक्याने जो अपराधी त्या थोर बादशहापुढे नेला जातो, त्यास दया मिळतेच. दिल्लीच्या तख्ताचा धनी आपल्या दरबारातील गुन्हेगाराची रीत स्वतःस लावून घेतो, हे चित्र मनातून जात नाही. अखेरच्या कलमात मात्र शिवाजी महाराज पुन्हा उभे राहतात. क्षणभराच्या गाफीलपणाने ते आग्ऱ्याहून निसटले आणि त्यापायी आपणांस मरेपर्यंत शिणावे लागले, हा त्या कलमाचा आशय. ईश्वरापाशी मस्तक उघडे, आणि त्याच कागदावर चाळीस वर्षांपूर्वीच्या एका चुकीची चुटपुट! या कागदाच्या अस्सलपणाविषयी विद्वानांत दुमत आहे. पण रचणाऱ्याने रचला असला, तर त्याने माणूस बरोबर ओळखला होता. ईश्वराकडे केलेली याचना या बारा कलमांत आहे. ज्यांचे गेले त्यांच्याकडे केलेली कोठेही नाही.

३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरनजीक भिंगारच्या छावणीत तो वारला. प्रेत खुलदाबादेस नेऊन शेख झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात पुरले. चौदाव्या शतकातील या चिश्ती सत्पुरुषाच्या पायाशी जागा घेण्यातही दयेचीच आशा होती. सत्पुरुष कयामतीच्या दिवशी आपल्या आश्रितांसाठी रदबदली करतात, असा भाविकांचा विश्वास आहे. कबर उघडी, वर छत नाही. संगमरवरी जाळी पुढे लॉर्ड कर्झनच्या प्रेरणेने निजामाने बसविली. मृत्यूनंतर त्यास खुल्दमकान, म्हणजे स्वर्गवासी, ही पदवी मिळाली, आणि गावाचे खुलदाबाद हे नाव त्यावरून पडले असे सांगतात. निवाडा व्हायचा होता, पण दरबारी चिटणिसांनी तो आधीच लिहून टाकला. २०२५ च्या मार्चात याच कबरीवरून महाराष्ट्रात केवढा क्षोभ उसळला, हे वाचकांस सांगावयास नको. त्या वेळीही दोन्हीकडून निवाडे घाईनेच झाले.

त्या कबरीशी निगडित एक हकीकत मात्र त्या गदारोळात कोणी फारशी आठवली नाही. संभाजी महाराजांचा पुत्र शाहू रायगड पडल्यापासून, वयाच्या आठव्या वर्षापासून, मोगलांच्या छावणीत नजरकैदेत होता. मुहियाबादचा पावसाळा त्याने पाहिला असेल. अहमदनगरास बादशहा वारला तेव्हाही तो छावणीतच होता. आझम त्यास बरोबर घेऊन उत्तरेकडे निघाला आणि १७०७ च्या मे महिन्यात माळव्यात त्याने त्यास सोडून दिले. दक्षिणेत आल्यावर शाहूभोवती फौज जमली. खाफीखान लिहितो, की तो प्रथम अहमदनगरास, जेथे बादशहा वारला तेथे गेला, त्याने गोरगरिबांस अन्न व पैसा वाटला, आणि मग सारी फौज घेऊन तो खुलदाबादेस औरंगजेबाच्या कबरीच्या दर्शनास गेला.

ज्या कायद्याची उजळणी आम्ही वर केली, त्यात मृताच्या वारसाचे स्थान काय, हे वाचकांच्या ध्यानात असेलच. त्या दिवशी त्या उघड्या कबरीपाशी वारस स्वतः उभा होता. त्याच्या मनात बापाची आठवण होती, की ज्याच्या छावणीत लहानाचा मोठा झालो त्या म्हाताऱ्याविषयीची माया, की नव्या राज्यासाठी मोगलांशी सलोखा राखण्याचे धोरण, यांचे तर्क इतिहासकारांनी पुष्कळ केले आहेत. आम्हांस यांपैकी एकच खरे वाटत नाही. तेथे तो काही बोलला, असे खाफीखान लिहीत नाही. तेथून शाहू साताऱ्याच्या वाटेस लागला आणि १७०८ च्या जानेवारीत तेथे त्यास राज्याभिषेक झाला. त्याची आई येसूबाई मोगलांकडे ओलीसच राहिली होती. ती सुटून परत आली १७१९ साली.